वानप्रस्थाचा पत्ता

म्हातारपणीं माणसानें घर धरून बसावें कीं सोडून जावें, ह्या प्रश्नाचें उत्तर मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत मोठ्या निःशंकपणें देऊन ठेविलें आहे. अंगास सुरकुत्या पडल्या, केंस पिकले आणि मुलाच्या मुलाचें तोंड पाहिलें, कीं गृहस्थानें वनाची वाट धरावी. बायकोस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर घेऊन जावें. पर्याय दोन दिले आहेत. पण त्यांतला कोणता हवा हें त्या बाईस विचारावें, असें शास्त्रकारास सुचलेलें दिसत नाहीं. पुढें निबंधकारांनीं वानप्रस्थाश्रम कलिवर्ज्यांत घातला आणि ही वाटच मोडली. आमच्या आजोबा-पणजोबांना त्याचें फारसें दुःख झालें असेल असें वाटत नाहीं. ओटीवरचा झोपाळा, कनवटीची किल्ली आणि सुनेच्या स्वयंपाकांत काढावयाच्या उणिवा, एवढें वैभव टाकून कंदमुळें खावयास कोण जातो?

आम्ही स्वतः निवृत्त झालों त्यास आतां नऊ वर्षें झालीं. पुण्यास तीन खोल्यांची जागा आहे, तींत चार कपाटें आहेत, आणि त्यांतलीं दोन ह्या नऊ वर्षांत आम्हीं उघडलेलीं नाहींत. एकुलती एक कन्या अमेरिकेंत फिनिक्स शहरीं असते. जागा विकून माझ्याकडे या, असें ती चार वर्षें म्हणत आहे. आणि आम्ही उभयतां चार वर्षें 'पाहूं' म्हणत आहों. तेव्हां पुढें ज्या गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे, तिच्याकडे आम्हीं तटस्थपणें पाहिलें असा दावा आम्हांस करितां येणार नाहीं.

ही कन्या पूर्वीं शिक्षणासाठीं मिनेसोटा राज्यांत होती, तेव्हां एका वयस्क जोडप्याच्या घरीं खोली भाड्यानें घेऊन राहत असे. गृहस्थ शाळेंत भूमिति शिकवीत. बाई रुग्णालयांत परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनीं तें घर सामानसुमानासह विकलें आणि एक मोटारघर घेतलें. तेव्हांपासून उन्हाळा उत्तरेस मुलाच्या गांवाजवळ आणि हिंवाळा दक्षिणेच्या वाळवंटांत, असा त्यांचा क्रम आहे. गेल्या नोव्हेंबरांत आम्ही कन्येकडे गेलों असतां त्यांचें निमंत्रण आलें कीं, चार-पांच दिवस आमच्याबरोबर काढा. तो त्यांचा आठवा हिंवाळा होता. कन्येनें आम्हांस नेऊन पोंचविलें आणि नोकरीसाठीं ती परत गेली.

क्वार्टझसाइट हा गांव ॲरिझोना राज्यांत, फिनिक्सच्या पश्चिमेस सुमारें २०० किलोमीटरांवर, कोलोराडो नदीच्या अलीकडे आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आंतबाहेर. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां ज्यास जातां येतें तो निघून जातो. ऑक्टोबर सरून उत्तरेकडे बर्फाची चाहूल लागली, कीं कॅनडापर्यंतच्या प्रदेशांतून म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या येथें उतरूं लागतात. ह्या मंडळींस तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात, म्हणजे बर्फ चुकवून येणारे पक्षी. भोंवतालची बहुतेक जमीन केंद्र सरकारची असून तिची व्यवस्था 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' हें खातें पाहतें. गांवाच्या दक्षिणेस ला पोसा येथें ह्या खात्यानें १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत एकाच जागीं राहण्याची सोय केली आहे. ही पद्धति १९८३ पासूनची. तिच्यासाठीं पैसे भरून परवाना काढावा लागतो. इतर मोकळ्या रानांत फुकट राहतां येतें, पण १४ दिवसच. मग तळ उचलून २५ मैल दूर जावयाचें. आमचे यजमान ह्या दुसऱ्या पंथाचे. एका गांवीं फार दिवस राहून माया जडूं देऊं नये, असा आपल्याकडे परिव्राजकास नियम असे, हें आम्हीं त्यांस सांगितलें. ते म्हणाले, "आमच्याकडे हें काम सरकार करतें."

नोव्हेंबरांतलें तें वाळवंट आमच्या कल्पनेंतल्यासारखें मुळींच नव्हतें. वाळूच्या टेकड्या नाहींत. काळसर खडे फरशी बसवावी तसे जमिनीवर घट्ट बसलेले, त्यांतून क्रिओसोटचीं विरळ झुडपें, आणि क्षितिजावर कोणी कातरून ठेवावे तसे डोंगर. दिवसा ऊन आपल्या पौषांतल्यासारखें अंगास गोड लागे. साडेपांचास सूर्य गेला कीं दहा मिनिटांत शाल शोधावी लागे. कोफाच्या डोंगरांकडे एकदां आम्ही चौघें गेलों असतां बाईंनीं आम्हांस एक सग्वारो निवडुंग दाखविला. हा निवडुंग आमच्या कितीतरी पट उंच होतो, पण लहानपणीं त्यास ऊन आणि थंडी दोन्ही सोसत नाहींत. म्हणून पालो वेर्देसारख्या एखाद्या झाडाच्या सांवलींत तो वाढतो. अशा झाडास शास्त्रज्ञ 'नर्स' म्हणतात. आम्हांस दाखविलेल्या सग्वारोला बाहू फुटले होते, म्हणजे वय निदान पन्नासांच्या पुढचें. त्याच्या पायाशीं त्या नर्सचा वाळलेला खुंट मात्र होता. बाई त्यावर कांहीं बोलल्या नाहींत. धंद्याच्या नांवाचें झाड म्हणून त्यांनीं कौतुकानें दाखविलें, इतकेंच.

गांवच्या जुन्या स्मशानांत दगडांचा एक लहानसा मनोरा आहे आणि त्याच्या शिखरावर तांब्याचा उंट आहे. खालीं हाजी अली नांवाचा मनुष्य पुरलेला आहे. वाळवंटांत ओझीं वाहण्यासाठीं अमेरिकेच्या सैन्यानें उंट आणविले, तेव्हां १८५६ सालीं तो उस्मानी मुलखांतून त्यांच्याबरोबर आला. तेथल्या जिभेस नांव न पेलल्यामुळें त्याचा 'हाय जॉली' झाला. उंटांचा प्रयोग फसला, तो मात्र तेथेंच राहिला. १८८० सालीं ट्यूसॉन येथें त्यानें लग्न केलें, दोन मुली झाल्या. पुढें संसार मागें ठेवून तो सोन्याच्या शोधांत रानोमाळ फिरूं लागला आणि १९०२ सालीं येथें वारला. मनोरा १९३५ सालचा. लोक त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रें काढतात. आम्हीही काढलें. त्या मागें राहिलेल्या तिघींचे दिवस कसे गेले, हा विचार परत येतांना आमच्या कुटुंबानें बोलून दाखविला. आम्हांस तो सुचला नव्हता, हें कबूल केलेलें बरें.

त्यांचा संसार पाहून पहिले दोन दिवस आम्ही अगदीं मोहून गेलों. पाण्याची टाकी दीडशें लिटरांची, आणि ती दहा दिवस पुरविण्याचा त्यांचा नेम. भांडें आधीं कागदानें पुसून घ्यावयाचें, मग वाटीभर पाण्यांत विसळावयाचें. गरम पाणी येईपर्यंत नळांतून येणारें गार पाणी बादलींत धरावयाचें. छपरावरच्या पट्ट्यांवर सूर्यापासून वीज मिळे, आणि तीही मोजून. गुरुजींनीं एक वही ठेविली आहे. तींत रोज सकाळीं पाणी किती उरलें हें ते भूमितीच्या आंकड्यांसारख्या सुबक अक्षरांत लिहितात. आमचें बालपण नगर जिल्ह्यांतल्या एका कोरड्या गांवीं गेलें. आमच्या आईची पाण्याची शिस्त आम्हांस ह्या परक्या मुलखांत पुन्हां दिसली. जेवणाचें टेबल खालीं पाडलें कीं त्याचाच पलंग होई; त्यावर आम्ही निजत असूं. दोन माणसांस चार ताटल्या, चार पेले, दोन कोट. एखादी नवी वस्तु आंत घ्यावयाची तर एक जुनी बाहेर जाते, हा त्यांचा कायदा. त्यांतला एखादा कायदा आमच्या पुण्याच्या घरास लागू झाला तर काय काय बाहेर जाईल, ह्याची यादी आम्हीं मनांतल्या मनांत केली. तींत आमच्या स्वतःच्याच वस्तु फार निघाल्या.

ह्या जीवनाचें तत्त्वज्ञान गुरुजींनीं एका संध्याकाळीं सांगितलें. घराचें कर्ज फेडलें. मुलास शिकविलें, त्यास आतां दोन मुलें आहेत. आईबापांस शेवटपर्यंत सांभाळून माती दिली. कर दर वर्षीं भरतों. "आतां आम्ही कोणाचें कांहीं लागत नाहीं," असें ते शांतपणें म्हणाले. त्या स्वरांत गर्व नव्हता. प्रमेय सिद्ध झाल्यावर खडू खालीं ठेवावा तसें तें होतें. आम्हांस आपल्याकडचीं तीन ऋणें आठवलीं. ऋषींचें ऋण अध्ययनानें, देवांचें यज्ञानें, पितरांचें संततीनें फिटतें, आणि तीं तिन्ही फेडल्यावरच माणसानें मोक्षाकडे मन लावावें, असें मनूही म्हणतो. अरे, हा तर आमच्या शास्त्रांतला वानप्रस्थ, आणि तोही सपत्नीक! आम्हीं तसें म्हटलें. त्यांस तें फार आवडलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकिली पाहिजे, नाहीं तर वाचकांचा गैरसमज होईल. त्या रानांत दिसणारे सारेच वृद्ध ऋणमुक्त होऊन आलेले नसतात. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टांत ज्यांचीं घरें आणि सांठविलेले पैसे गेले, आणि जे तेव्हांपासून जुन्या गाड्यांत राहून कोठें बीट उपटण्याचें, कोठें गुदामांत माल उचलण्याचें हंगामी काम करीत फिरतात, त्यांच्याविषयीं जेसिका ब्रूडर ह्या लेखिकेनें २०१७ सालीं 'नोमॅडलँड' हें पुस्तक लिहिलें. त्यावरचा चित्रपट आपल्याकडेही पुष्कळांनीं पाहिला आहे. घर सोडणें आणि घर सुटणें ह्यांत फार अंतर आहे. दुसऱ्यास वैराग्य म्हणणें ही थट्टा होईल. आम्ही पहिल्याविषयींच बोलत आहों.

तर हा सिद्धांत ऐकून आम्ही सुखावलों होतों. पण बाई रोज सकाळीं आणि संध्याकाळीं मोबाईल हातांत घेऊन जवळच्या टेंकाडावर जात, हें आमच्या ध्यानांत आलें होतें. गाडीशीं रेंज कधीं असे, कधीं नसे; टेंकाडावर ती नक्की मिळे. आम्हांस वाटलें, नातवंडांशीं बोलत असतील. तिसऱ्या दिवशीं आमचें कुटुंब त्यांच्याबरोबर गेलें आणि अंधार पडेपर्यंत दोघी परतल्या नाहींत. रात्रीं आम्हांस कळलें तें असें. बाईंची धाकटी बहीण मिनेसोटांत एका वृद्धाश्रमांत होती. लग्न झालेलें नव्हतें. बाईंशिवाय तिला कोणी नव्हतें. उन्हाळाभर त्या तिच्याकडे दर आठवड्यास जात. त्याच्या आदल्या हिंवाळ्यांत हीं दोघें कोफाच्या डोंगरांत आंतल्या बाजूस तळ देऊन राहिलीं होतीं. तेथें रेंज नव्हती, आणि तेंच त्या जागेचें सुख म्हणून गुरुजींनीं ती निवडली होती. त्या आठवड्यांत बहिणीस एकाएकीं अर्धांगाचा झटका आला आणि दोन दिवसांनीं ती गेली. पाणी भरावयास गांवांत आल्यावर बाईंच्या फोनवर एकामागून एक निरोप उमटूं लागले. तेव्हां तिला जाऊन तीन दिवस झाले होते.

ही गोष्ट आम्हांस ठाऊक झाली आहे हें गुरुजींस कळल्यावर त्यांनींच विषय काढला. आपल्या बाजूचें त्यांनीं जें सांगितलें त्यांत एकही शब्द खोटा नव्हता. झटका आला तेव्हांपासून बहीण बेशुद्ध होती. निरोप ताबडतोब मिळता तरी वादळामुळें उत्तरेकडचीं विमानें बंद होतीं. घरीं राहिलीं असतीं तरी ती वांचली नसती. "मग आमच्या घर सोडण्यानें नेमकें काय बिघडलें?" असा प्रश्न त्यांनीं आम्हांस केला. आम्हीं लगेच उत्तर दिलें कीं, कांहीं नाहीं. वडील वारले तेव्हां आम्ही नोकरीनिमित्त नागपुरास होतों. तार मिळून वाईस पोंचेपर्यंत सारें आटोपलें होतें. त्या वेळीं आम्हांस कोणीं दोष दिला नाहीं, आणि आम्हीही स्वतःस दिला नाहीं. पण मग त्या तारेचा कागद आजतागायत आमच्या एका न उघडलेल्या कपाटांत कां आहे, हें गुरुजींनीं विचारलें असतें तर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्या रात्रीं झोंप लागेना तेव्हां आम्हांस महाभारतांतलें आश्रमवासिकपर्व आठवलें. धृतराष्ट्र आणि गांधारी पंधरा वर्षें पांडवांच्या आश्रयास राहून वनांत जावयास निघालीं, तेव्हां कुंतीही त्यांच्याबरोबर चालूं लागली. मुलांनीं परोपरीनें विनविलें. ज्या राज्यासाठीं तिनेंच त्यांस युद्धास उठविलें, तें हातीं आलें असतां ती त्यांस टाकून कां जाते, असा त्यांचा प्रश्न होता. तिनें ऐकलें नाहीं. तिला कोणीं मुलांच्या स्वाधीन केलें नाहीं आणि कोणीं बरोबर नेलेंही नाहीं. ती आपल्या मनानें गेली. मनूच्या दोन पर्यायांत न बसणारी ही बाई आहे. पुढें पांडव एकदां परिवारासह वनांत जाऊन तिला भेटून आले. त्यानंतर दोन वर्षांनीं नारद हस्तिनापुरास आला आणि त्यानें सांगितलें कीं, वणव्यांत तिघेंही जळून गेलीं. राजा असून युधिष्ठिरास आपल्या आईचें मरण एका वाटसरूकडून कळलें, आणि तेंही सारें होऊन गेल्यावर. त्याचा आक्रोश व्यासांनीं पुष्कळ विस्तारानें दिला आहे.

कुंतीचें चुकलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलांच्या शोकावरून आईचा अपराध ठरत नाहीं. तिनें त्यांस वाढविलें, राज्यावर बसविलें आणि सांगून-सवरून निरोप घेतला. तो हिशेब पुरा झाला होता. गुरुजींचा मुलगा दर वर्षीं थँक्सगिव्हिंगच्या सणास कुरकुरतो कीं, माझ्या मुलांना आजोबांचें घर म्हणून कोठें नेऊं? त्याच्याविषयीं आम्हांस सहानुभूति आहे, पण त्याच्या बाजूनें आम्ही निकाल देणार नाहीं. मुलें परदेशीं गेलीं म्हणून आम्ही आईबाप सभांतून गळा काढतों; मग म्हातारे निघून गेले तर मुलांनीं तेंच कां करूं नये, एवढें मात्र हंसूं आम्हांस आलें.

अडचण बहिणीची आहे. त्या तीन ऋणांत भावंडांचें ऋण नाहीं, मित्राचें नाहीं, शेजाऱ्याचें नाहीं. हा शास्त्राचा विसरभोळेपणा असेल असें प्रथम वाटलें. मग लक्षांत आलें कीं, ज्या ऋणास फेडीची रीत सांगतां येते तेंच शास्त्रांत येतें. अध्ययन पुरें होतें, यज्ञ समाप्त होतो, पुत्र जन्मास येतो. बहिणीचें काय पुरें करावयाचें असतें? ती हांक मारील तेव्हां ओ द्यावयाची, एवढाच तो व्यवहार. आणि ती केव्हां हांक मारील, कीं मारणारच नाहीं, हें आधीं कळत नाहीं. ज्याचा हिशेबच ठेविला नव्हता तें खातें बंद कसें करावें? गुरुजींचें प्रमेय त्यांच्या गृहीतांपुरतें बरोबर होतें. पण हें गृहीत त्यांत धरलेलें नव्हतें. घर सोडतांना माणूस भिंती, भांडीं आणि कपाटें सोडतों असें समजतो. त्यांबरोबर तो आपण सांपडण्याची जागाही सोडीत असतो, आणि ती त्याची एकट्याची मालमत्ता असते कीं नाहीं, ह्याविषयीं आम्हांस दाट शंका आहे.

ह्या फिरत्या लोकांस पत्ता नसतो असें मात्र नाहीं. परवान्यास, बँकेस, विम्यास पत्ता लागतोच. साऊथ डकोटा राज्यानें त्यांची एक सोय केली आहे: तेथें टपाल घेऊन पुढें धाडणाऱ्या एखाद्या पेढीचा पत्ता घ्यावयाचा आणि त्या राज्यांत एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवावयाची, कीं मोटार चालविण्याचा परवाना मिळतो. आमचे यजमान कायद्यानें तेथले रहिवासी आहेत. ती एका रात्रीची पावती गुरुजींनीं आम्हांस मोठ्या मौजेनें दाखविली. सरकारास ते त्या पत्त्यावर सांपडतात.

चौथ्या दिवशीं सकाळीं एक प्रसंग घडला. आमच्यापासून शंभरेक पावलांवर एका लहान गाडींत एक ऐंशींच्या घरांतली बाई एकटीच राहत असे. तिनें आणि भोंवतालच्या चार-पांच बिऱ्हाडांनीं आपसांत ठरविलें होतें कीं, तिनें रोज आठ वाजतां आपली निळी घडीची खुर्ची बाहेर मांडावी. खुर्ची दिसली नाहीं तर कोणी तरी जाऊन दार ठोठवावें. त्या दिवशीं साडेआठ झाले, खुर्ची नाहीं. गुरुजी चहा तसाच टाकून निघाले. दृष्टि अधू झाली असल्यामुळें ते एरवीं खड्यांवरून जपून चालत. त्या वेळीं जवळजवळ धांवत गेले. बाईनें दार उघडलें, रात्रीं उशीरापर्यंत वाचीत होतें म्हणून झोंप लागली असें सांगितलें, आणि झोंपमोड केल्याबद्दल त्यांस चांगलें फैलावर घेतलें. ते हंसत हंसत परत आले. त्यांच्या पत्नी दारांतच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या खुर्चीवर रोज लक्ष असतें. माझ्या बहिणीच्या खुर्चीवर त्या आठवड्यांत कोणाचें लक्ष नव्हतें."

गुरुजींनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. प्रमेय पुन्हां मांडण्याचा प्रयत्नही केला नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं आपली वही उघडून त्या दिवसाचें पाणी लिहिलें.

दुपारीं दोघांनीं पुढल्या तळासाठीं नकाशा पसरला. त्यांचे १४ दिवस दोन दिवसांनीं संपत होते. आम्हांस वाटलें होतें कीं, आतां घर घेण्याची भाषा निघेल. तशी ती निघाली नाहीं. बाईंस वाळवंट सोडावयाचें नव्हतें. सकाळचें ऊन, डोंगरांचा रंग आणि रात्रीचें आकाश ह्यांविषयीं त्या आमच्या कुटुंबाशीं जितक्या बोलल्या तितक्या गुरुजीही आमच्याशीं बोलले नाहींत. नकाशाच्या दुसऱ्या पानावर फोनची रेंज कोठें आहे तें रंगानें दाखविलें होतें. गुरुजींस आवडलेल्या जागा बहुतेक त्या रंगाच्या बाहेर होत्या. त्यांनीं त्यांवर एकेक फुली मारली. एकीवर मारतांना थांबले, बाईंकडे पाहिलें, आणि मग मारली.

दुसऱ्या दिवशीं कन्या आम्हांस न्यावयास आली. निघतांना गुरुजींनीं तीच पाण्याची वही पुढें केली आणि आमचा पुण्याचा पत्ता लिहून मागितला. आम्हीं घराचा क्रमांक, गल्ली, पेठ, सारें लिहिलें. आमच्या खांद्यावरून पाहत असलेल्या आमच्या कुटुंबानें त्याखालीं शेजारच्या बिऱ्हाडाचाही फोन नंबर लिहावयास लाविला. कन्या गाडीपाशीं उभी राहून हें पाहत होती. परतीच्या वाटेंत जागा विकण्याचा विषय तिनें काढला नाहीं.